पालव, भगवान आबाजी (मास्टर भगवान)

पालव, भगवान आबाजी : (१ ऑगस्ट १९१३ – ४ फेब्रुवारी २००२). हिंदी चित्रपटसृष्टीतील मारधाडपटांचे नायक, निर्माते, दिग्दर्शक व विनोदी नट. ‘मास्टर भगवान’ व ‘भगवानदादा’ या नावांनी ते ओळखले जात. अलबेला (१९५१) या संगीतप्रधान चित्रपटामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. तथापि त्यापूर्वीची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी कुस्ती, ठोसेबाजी, उड्या व पाठलाग यांवर आधारलेल्या, अल्प खर्चाच्या मारधाडपटांत घालविली होती. मुंबईतील श्रमजीवी प्रेक्षकांत या चित्रपटांचा मोठा चाहतावर्ग होता. पुढे त्यांची कीर्ती एका नृत्यशैलीपुरती उरली आणि मारधाडपटांचे नायक म्हणून त्यांनी केलेले कार्य बव्हंशी विस्मृतीत गेले.

त्यांचा जन्म अमरावती येथे झाला. वडील कापड गिरणीत कामगार होते. भगवान यांचे तरुणपण मुंबईच्या दादर–परळ भागात गेले. शिक्षण फारसे झाले नाही. काही काळ त्यांनी मजुरीही केली. व्यायाम, कुस्ती व चित्रपट यांची त्यांना लहानपणापासून ओढ होती. मूकपटांत मिळतील त्या किरकोळ भूमिका करीत त्यांनी चित्रपटसृष्टीत प्रवेश केला. १९३०–३१ च्या सुमारास आलेला बेवफा आशिक हा त्यांच्या आरंभीच्या मूकपटांपैकी एक होय. या काळात चित्रपटनिर्मितीच्या बहुतेक सर्व शाखांची त्यांना प्रत्यक्ष कामातून ओळख झाली. पुढे स्वतःचे चित्रपट काढताना वेशभूषेपासून कलावंतांच्या जेवणाच्या व्यवस्थेपर्यंतची कामे ते स्वतः पाहत, त्याचे मूळ या उमेदवारीत होते.

मारधाडपटांची परंपरा : भगवान यांच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी या चित्रपटप्रकाराची पार्श्वभूमी पाहणे आवश्यक आहे. द मार्क ऑफ झोरो (१९२०) व द थीफ ऑफ बगदाद (१९२४) या अमेरिकन मूकपटांतील डग्लस फेअरबँक्स (१८८३–१९३९) या नटाच्या तलवारबाजीने व उड्यांनी भारतीय प्रेक्षकांना भारून टाकले होते. मुंबईतील शारदा फिल्म कंपनीने (स्थापना १९२५) त्याच धर्तीचे मूकपट काढण्यास सुरुवात केली आणि रतनमंजरी (१९२६) या मूकपटातून मास्टर विठ्ठल (१९०६–६९) हे मराठी नट नायक म्हणून पुढे आले. विठ्ठल मराठी रंगभूमीवरून कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व तेथून मुंबईस आले होते. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत ते अत्यंत लोकप्रिय होते आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या आलमआरा या पहिल्या भारतीय बोलपटाचेही तेच नायक होते. ध्वनी आल्यावर मात्र उर्दू-हिंदी संवादांच्या उच्चाराची त्यांची अडचण उघड झाली. शरीराच्या भाषेवर उभी राहिलेली लोकप्रियता बोलपटात तशीच टिकेल, याची हमी नव्हती.

तरीही हा प्रकार नष्ट झाला नाही. जे. बी. एच. वाडिया व होमी वाडिया या बंधूंच्या ‘वाडिया मूव्हिटोन’ (स्थापना १९३३) या संस्थेने हंटरवाली (१९३५) या चित्रपटाद्वारे नादिया (मेरी एव्हान्स) या मूळच्या ऑस्ट्रेलियन नटीस नायिका करून मारधाडपटास नवे आयुष्य दिले. प्रतिष्ठित समीक्षक अशा चित्रपटांची फारशी दखल घेत नसत. परंतु स्वस्त दरांच्या आसनांवरील प्रेक्षकांच्या जोरावर ते वर्षानुवर्षे चालत. भगवान यांनी आपले बस्तान बसविले ते याच क्षेत्रात.

दिग्दर्शन व निर्मिती : चंद्रराव कदम यांच्यासह भगवान यांनी बहादुर किसान (१९३८) हा आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. तेव्हापासून १९४९ पर्यंत त्यांनी अशा चित्रपटांची एक मालिकाच निर्माण केली. त्यांतील नायक हा राजपुत्र वा सरदार नसून बहुधा भोळाभाबडा, गरीब, प्रसंगी फजिती पावणारा तरुण असे. अन्याय सोसण्याच्या पलीकडे गेला, की तो मुठी आवळी व मग खलनायकांची धडगत नसे. भोळेपणा व अंगबळ यांची ही सांगड भगवान यांच्या भूमिकांचे मुख्य वैशिष्ट्य ठरली. फेअरबँक्स यांच्याविषयी त्यांना आदर होता. मात्र उंच, सडपातळ व डौलदार अशा त्या अमेरिकन नटाचे अनुकरण त्यांच्या ठेंगण्या, भरीव बांध्यास मानवणारे नव्हते. परिणामी त्यांनी तालमीतील मल्लाची ठेवण आणि विदूषकाची लकब यांतून आपली स्वतंत्र शैली घडविली.

त्यांनी दक्षिणेतही काम केले. जयक्कोडी (१९४०) व वनमोहिनी (१९४१) हे तमिळ चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. वनमोहिनी या जंगलपटात एम. के. राधा व मूळच्या श्रीलंकेतील नटी के. तवमणी देवी यांच्या प्रमुख भूमिका होत्या. तमिळ न येणाऱ्या दिग्दर्शकास तमिळ चित्रपट काढता यावा, यातच या प्रकाराचे मर्म दिसून येते. पाठलाग, झुंज व सुटका यांना भाषांतराची गरज फारशी नसते. याच चित्रपटांतून संगीतदिग्दर्शक म्हणून पुढे आलेले रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–८२) हे पुण्या-मुंबईच्या संगीतवर्तुळातून आलेले कलावंत भगवान यांचे आयुष्यभराचे स्नेही बनले. भगवान यांच्याच सुखी जीवन (१९४२) या चित्रपटाद्वारे त्यांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या क्षेत्रात पाऊल टाकले आणि ‘सी. रामचंद्र’ या नावाने ते विख्यात झाले.

१९४२ मध्ये ‘जागृती पिक्चर्स’ ही संस्था काढून भगवान निर्माते झाले आणि १९४७ मध्ये चेंबूर येथे त्यांनी ‘जागृती स्टुडिओ’ उभारला. भेदी बंगला (१९४९) हा रहस्य व भय यांचा मेळ घालणारा त्यांचा चित्रपट या काळातील विशेष उल्लेखनीय होय. गिरणी कामगाराच्या मुलाने स्वतःच्या मालकीचा स्टुडिओ उभारावा, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

निर्मितीचे अर्थकारण व तंत्र : हे चित्रपट अत्यंत अल्प भांडवलात काढले जात. भगवान सुमारे ६५,००० रुपयांत एक चित्रपट पुरा करीत, असे सांगितले जाते. एवढ्या रकमेत काम भागविण्यासाठी मारधाडपटांच्या निर्मात्यांनी काही युक्त्या रूढ केल्या होत्या. चित्रीकरण शक्य तेवढे उघड्यावर, सूर्यप्रकाशात करावयाचे, म्हणजे दिव्यांचा व नेपथ्याचा खर्च वाचे. एकाच देखाव्याची मांडणी बदलून तो अनेक प्रसंगांस वापरला जाई. नामवंत नटनट्यांऐवजी तालमीतून आलेले पहिलवान कमी मोबदल्यात मिळत. संवाद थोडे असल्यामुळे ध्वनिमुद्रणाचे कामही आटोपशीर राही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्ची फिल्म दुर्मिळ झाली आणि शासनाने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे दोन तासांपर्यंत मर्यादित केली. काटकसरीने व झटपट काम करण्याची सवय असलेल्या निर्मात्यांना हे बंधन इतरांइतके जाचक वाटण्याचे कारण नव्हते.

झुंजीच्या चित्रीकरणाचे तंत्रही साधेच होते. कॅमेरा नेहमीपेक्षा कमी वेगाने चालविल्यास पडद्यावरील हालचाल अधिक वेगवान दिसते; या गुणधर्माचा मारामारीच्या व पाठलागाच्या दृश्यांत सर्रास उपयोग केला जाई. ठोसा प्रत्यक्षात गालाजवळून निसटता जातो. परंतु कॅमेरा योग्य कोनात ठेवल्यास मधले अंतर दिसत नाही आणि समोरच्या नटाने मान वेळीच झटकली, की प्रहार खरा भासतो. अशा प्रसंगी दोघांची लय तंतोतंत जुळावी लागते. नायकाऐवजी दुसऱ्या माणसास उडी मारावयास लावणे खर्चाचे होते व प्रेक्षकांना ते रुचतही नसे. त्यामुळे भगवान आपल्या झुंजी व उड्या स्वतःच करीत. पडद्यावर दिसणारा माणूस खरोखरच उडी घेतो, हा विश्वास हेच या चित्रपटांचे खरे भांडवल होते.

हा विश्वास टिकविण्याची किंमत कधीकधी फार मोठी असे. १९४२ मध्ये जंग-ए-आझादी या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवान यांनी अभिनेत्री ललिता पवार (१९१६–९८) यांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. ती थप्पड इतकी जोरात बसली, की ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला व डाव्या डोळ्यास कायमचे व्यंग आले. दीर्घकाळ उपचार घेऊन त्या चित्रपटात परतल्या, त्या नायिका म्हणून नव्हे, तर चरित्रनटी म्हणून. कजाग सासू व करारी स्त्री यांच्या त्यांच्या भूमिका पुढे अजोड ठरल्या, हे त्यांच्या कर्तृत्वाचे द्योतक होय. त्यामुळे अपघाताचे गांभीर्य कमी होत नाही. मारधाडपटांच्या अभ्यासात या घटनेचे महत्त्व एवढ्यासाठी आहे, की सुरक्षिततेची कोणतीही निश्चित व्यवस्था नसलेल्या काळात नटनट्यांचे शरीर हेच धोक्याचे पहिले ठिकाण होते, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

प्रेक्षकवर्ग व दक्षिण कोकण : भगवान यांच्या चित्रपटांचा मुख्य आश्रयदाता मुंबईचा कामगारवर्ग होता. लालबाग, परळ, नायगाव, वरळी या गिरणगावातील वस्तीत कोकणातून आलेल्या कामगारांचा भरणा मोठा होता. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील – म्हणजे १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग या स्वतंत्र जिल्ह्यात समाविष्ट झालेल्या – मालवण, देवगड, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी येथील तरुण आगबोटीने मुंबईस येत, गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत राहत व खाणावळीत जेवत. ‘पालव’ हे आडनावही सिंधुदुर्ग जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. त्यामुळे पाटीवरचे नाव ‘मास्टर भगवान’ असले, तरी पडद्यावरचा ठेंगणा, सावळा, साध्या चेहऱ्याचा नायक या प्रेक्षकांना परका वाटण्याचे कारण नव्हते.

या प्रेक्षकाच्या अभिरुचीचाही विचार केला पाहिजे. सिंधुदुर्गातील गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालणारे दशावतारी नाटक हे त्याच्या लहानपणापासूनचे करमणुकीचे साधन होते. दशावतारात मृदंग व झांज यांच्या साथीवर युद्धनृत्य चालते. देव व दानव, राजा व राक्षस तलवारी परजीत गिरक्या घेतात. प्रहार प्रत्यक्ष लागत नाही, परंतु पदन्यास, हुंकार व वाद्यांचा ठेका यांमुळे तो लागल्याची प्रतीती होते. संवाद नट आयत्या वेळी रचतात व मध्येच विनोदही घुसवितात. झुंज, विनोद व संगीत यांचे असे मिश्रण पाहण्यास सरावलेल्या डोळ्यांना तशाच मिश्रणाचा चित्रपट परका वाटला नसावा. भगवान यांच्या झुंजींचे मूळ दशावतारात शोधणे युक्त होणार नाही, कारण त्यांचा आदर्श अमेरिकन मूकपट व मुंबईची तालीम हा होता. मात्र त्या चित्रपटांच्या स्वागताचे एक कारण या लोकनाट्याने घडविलेल्या अभिरुचीत आढळते. दिवसभर यंत्रासमोर राबणाऱ्या माणसास आपल्यासारखाच एक साधा मनुष्य केवळ मनगटाच्या बळावर सावकारास वा गुंडास लोळविताना दिसे, हे दुसरे व अधिक खोल कारण होय.

अलबेला : सामाजिक चित्रपट काढावा, असा सल्ला राज कपूर यांनी भगवान यांना दिला आणि त्यातून अलबेला निर्माण झाला. निर्माते, दिग्दर्शक व नायक भगवानच होते. नायिकेची भूमिका गीता बाली यांनी केली, गीते राजेंद्र कृष्ण यांची व संगीत सी. रामचंद्र यांचे होते. लता मंगेशकर व स्वतः चितळकर यांनी गायिलेली त्यातील गीते देशभर लोकप्रिय झाली. नाटकाच्या वेडापायी घराबाहेर पडलेला प्यारेलाल हा गरीब तरुण रंगभूमीवर यश मिळवितो. परंतु घरी परततो तेव्हा कुटुंबाची वाताहत झालेली असते, असे त्याचे कथासूत्र आहे. यात मारधाडीस गौण स्थान होते. झुंजीत कमावलेली चपळाई भगवान यांनी नृत्याकडे वळविली. गुडघे किंचित वाकवून, खांदे हलवीत, हात कोपरात दुमडून लहान पावले टाकण्याची त्यांची पद्धत शास्त्रीय नृत्यात बसणारी नव्हती. किंबहुना ती कोणासही सहज करता येण्याजोगी होती व तेच तिच्या लोकप्रियतेचे रहस्य होय. लग्नाच्या वरातींत व गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत सामान्य माणूस असाच नाचू लागला. अमिताभ बच्चन यांच्या पडद्यावरील नृत्यावरही या शैलीचा प्रभाव असल्याचे नेहमी सांगितले जाते.

उत्तरायुष्य : अलबेलाच्या यशानंतर भगवान वैभवाच्या शिखरावर पोहोचले. जुहू येथे समुद्राकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी एक अशा सात मोटारी त्यांच्याजवळ होत्या, अशी त्यांची ख्याती आहे. तथापि गीता बाली व सी. रामचंद्र यांच्यासह काढलेल्या झमेला (१९५३) या चित्रपटास अलबेलासारखे यश लाभले नाही. भला आदमी (१९५८) या चित्रपटात त्यांनी आनंद बक्षी या नवोदित कवीस गीतलेखनाची पहिली संधी दिली. बक्षी पुढे हिंदी चित्रपटांतील अग्रगण्य गीतकार झाले. मात्र भगवान यांचा पडता काळ सावरला नाही. लाबेला (१९६६) हा त्यांचा चित्रपटही अयशस्वी ठरला. बंगला व मोटारी विकाव्या लागल्या आणि ते दादर येथे चाळीतील खोलीत राहू लागले.

त्यानंतरची बरीच वर्षे त्यांनी मिळेल ती भूमिका स्वीकारून उदरनिर्वाह केला. तत्पूर्वी झनक झनक पायल बाजे (१९५५), चोरी चोरी (१९५६) व गेटवे ऑफ इंडिया (१९५७) या चित्रपटांत त्यांना बऱ्यापैकी भूमिका मिळाल्या होत्या. उत्तरकाळात मात्र गर्दीच्या प्रसंगात येऊन आपले ठरावीक नृत्य दोन क्षण करून दाखविणे, एवढेच काम बहुधा त्यांच्या वाट्यास येई. सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण व विनोदी नट ओमप्रकाश हे जुने मित्र त्यांना भेटण्यास चाळीत येत असत. मुंबई येथे हृदयविकाराच्या झटक्याने भगवान यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावर आधारलेला एक अलबेला हा मराठी चित्रपट शेखर सरतांडेल यांनी दिग्दर्शित केला (२०१६). त्यात मंगेश देसाई यांनी भगवान यांची, तर विद्या बालन यांनी गीता बाली यांची भूमिका केली.

मूल्यमापन : भगवान यांच्या ऱ्हासाचे खापर केवळ उधळपट्टीवर वा नशिबावर फोडण्याची प्रथा आहे, परंतु चित्रपटव्यवसायातील बदल हेही त्याचे कारण होते. स्वातंत्र्योत्तर काळात नामवंत तारे, संगीत व मोठे भांडवल यांचे महत्त्व वाढत गेले आणि एकाच व्यक्तीने निर्माता, दिग्दर्शक व नायक होऊन थोडक्या पैशांत चित्रपट काढण्याची पद्धत मागे पडली. मारधाडपटाचा प्रेक्षक मात्र नाहीसा झाला नाही. किंगकाँग (१९६२) या चित्रपटापासून मल्ल दारासिंग (१९२८–२०१२) यांच्या चित्रपटांना तोच प्रेक्षक लाभला. १९७३ मध्ये एंटर द ड्रॅगन या चित्रपटाने ब्रूस ली (१९४०–७३) यांना मरणोत्तर जगद्विख्यात केले, तेव्हा भारतीय चित्रपटांतील मारामारीतही कराटे व कुंगफू यांचे अनुकरण सुरू झाले. स्वतः धोका पत्करणारा, शस्त्राऐवजी शरीरावर भिस्त ठेवणारा, गरिबांची बाजू घेणारा नायक ही कल्पना मुंबईच्या प्रेक्षकास नवी नव्हती. तिची ओळख त्याला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच झालेली होती.

या ओळखीचे पुरावे मात्र फारसे उरलेले नाहीत. त्या काळातील नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही होती. अनेक प्रती आगीत नष्ट झाल्या, तर अनेक त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी मोडीत गेल्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बराच ठेवा गमावला होता. आलमआराची एकही प्रत उपलब्ध नाही. मग तिसऱ्या वर्गाच्या प्रेक्षकांसाठी काढलेले मारधाडपट कोणी जतन करावेत? भगवान यांच्या अलबेलापूर्व चित्रपटांपैकी बहुतेक आज पाहावयास मिळत नाहीत. परिणामी, झुंजार नायक म्हणून त्यांची योग्यता ठरविण्याचे साधन चित्रपटांच्या नामावलीपलीकडे क्वचितच सापडते. त्यांचे नृत्य टिकले, कारण ते लोकांनी आपल्या अंगात उतरवून घेतले. त्यांच्या झुंजी ज्या फितीवर होत्या, ती फीतच राहिली नाही.